औषध सोडणाऱ्या पट्ट्या : रक्त थांबवणं आणि जखम न चिघळू देणं (बडोदेकरांकडून वारंवार येणारे प्रश्न)

उत्तरायणाच्या, म्हणजे पतंगांच्या आठवड्यात आणि पावसाळ्याच्या शेवटी जखमांचे प्रश्न सगळ्यांत जास्त येतात. काही रावपुरा-दांडिया बाजाराकडच्या मेडिकलच्या काउंटरवर विचारले जातात, काही फोनवर फोटोसकट. तेच ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी फार्मासिस्ट आहे, सर्जन नाही. टाके लागतील का, हे जखम प्रत्यक्ष बघूनच ठरतं. पट्टी कुठलीही आणा, क्रम मात्र एकच : दाबा, धुवा, मग झाका. हा क्रम जिथे मोडायचा आहे तिथे उत्तरात तसं लिहिलं आहे.

१. औषधी ड्रेसिंग म्हणजे नक्की काय? साध्या गॉजवर मलम लावलं तर तेच नाही का होत?

नाही होत. गॉजवर लावलेलं मलम बरंचसं कापडातच मुरतं, उरलेलं जखमेतल्या पाण्याबरोबर वाहून जातं, आणि जखमेला नक्की किती मिळालं हे कोणालाच सांगता येत नाही. औषधी ड्रेसिंगमध्ये औषध पट्टीच्या घडणीतच असतं आणि ते ठरावीक वेगाने बाहेर यावं अशी योजना असते.

मेडिकलमध्ये सहज मिळतात त्या म्हणजे फ्रॅमायसेटिन किंवा क्लोरहेक्सिडिन घातलेल्या पॅराफिनच्या तेलकट जाळ्या, सिल्व्हरच्या पट्ट्या, आयोडीन सोडणाऱ्या पट्ट्या आणि कोलॅजनचे पापुद्रे. यांचं काम जंतू आवरणं किंवा जखम भरायला मदत करणं. रक्त थांबवणाऱ्यांचा गट वेगळा : कायटोसानचे पॅड, केओलिन लावलेलं गॉज, अल्जिनेट, आणि ऑपरेशन थिएटरमध्ये वापरतात ते जिलेटिनचे स्पंज आणि ऑक्सिडाइज्ड सेल्युलोजची जाळी. खोक्यावर दोन्ही कामांचे दावे असतात, पण बहुतेक पट्ट्या त्यातलं एकच काम नीट करतात. असं का, ते प्रश्न ४ मध्ये.

२. रक्त थांबवणारी पट्टी रक्त थांबवते कशी?

आधी शरीर स्वतः काय करतं ते बघू. कापल्याबरोबर रक्तवाहिनी आकसते. मग प्लेटलेट्स त्या जागी चिकटून कच्चं बूच बसवतात. त्यामागोमाग रक्तातले गोठणारे घटक एकामागून एक जागे होतात आणि फायब्रिनच्या धाग्यांचं जाळं विणून ते बूच पक्कं करतात. पट्टी यातल्या कुठल्या तरी एका पायरीला हात देते.

केओलिन ही चिनी मातीच. तिच्या कणांना रक्त लागलं की गोठण्याच्या साखळीतला बारावा घटक जागा होतो आणि पुढची साखळी भराभर चालते. कायटोसानची तऱ्हा निराळी. त्याच्यावर धन विद्युतभार असतो, तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर ऋण. दोन्ही एकमेकांना ओढून घेतात आणि चिकट गोळा होतो. त्यात गोठण्याच्या साखळीची फारशी गरजच लागत नाही. (हा फरक प्रश्न १३ मध्ये फार कामाला येतो.) अल्जिनेट समुद्री शेवाळापासून बनतं. ते आपल्यातलं कॅल्शियम सोडतं, जखमेतलं सोडियम घेतं आणि जेलसारखं होतं. सुटलेलं कॅल्शियम रक्त गोठायला मदत करतं. जिलेटिनचा स्पंज रक्त शोषून फुगतो आणि गुठळीला बसायला चौकट देतो.

३. इतकी महाग पट्टी लावल्यावरही दाबून धरावंच लागतं?

हो. सैन्याच्या प्रथमोपचारात वापरतात त्या केओलिन गॉजसाठीसुद्धा किमान तीन मिनिटं दाबून धरायची सूचना आहे. घरी साधं स्वच्छ कापड असेल तर घड्याळ लावून दहा मिनिटं दाबा. मधेच "थांबलं का बघू" म्हणून उचलायचं नाही. जमत आलेली गुठळी त्या एका बघण्यात निघते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. रक्त वरपर्यंत आलं तर खालचं कापड उपटू नका, वरून दुसरं ठेवून जोर वाढवा. घरच्या किरकोळ कापण्यांपैकी बहुतेक एवढ्यावरच थांबतात, हे माझ्या धंद्याला न परवडणारं वाक्य आहे, पण खरं आहे.

काच, सळई, लाकडाची ढलपी आत रुतलेली असेल तर क्रम मोडा. ती ओढून काढू नका आणि तिच्यावर दाबू नका. दोन्ही बाजूंनी दाब द्या आणि तसंच दवाखान्यात जा. डोळ्याच्या जखमेवर दाब अजिबात द्यायचा नाही.

४. रक्तही थांबवेल आणि जंतूही मारेल अशी एकच पट्टी का मिळत नाही?

दोन्ही कामांच्या वेळा जुळत नाहीत म्हणून. रक्त थांबायला हवं मिनिटांत आणि जंतूंना आवरायचं पुढचे अनेक दिवस. पहिल्या कामाला पट्टीने सगळं एकदम द्यावं लागतं, दुसऱ्याला हात राखून. शिवाय दोन्ही औषधं एकमेकांशी पटवून घेतील असंही नसतं. ऑक्सिडाइज्ड सेल्युलोजचंच बघा. ते आम्लधर्मी आहे, त्यामुळे त्यात जंतू तगत नाहीत, म्हणजे दोन्ही कामं थोडीथोडी होतात. पण त्याच आम्लामुळे थ्रॉम्बिन, म्हणजे फायब्रिनचे धागे तयार करणारा रक्तातला घटक, निकामी होतं. म्हणून रक्त अजून लवकर थांबावं या हिशोबाने त्याला थ्रॉम्बिनमध्ये भिजवून उपयोग नाही.

यावरचा उपाय म्हणजे थर. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये जिलेटिनच्या स्पंजवर थ्रॉम्बिन आणि टॅनिक ॲसिड यांचे अतिशय पातळ थर एकाआड एक चढवले. टॅनिक ॲसिड म्हणजे चहातही सापडणाऱ्या तुरट द्रव्यांच्या कुळातलं. प्राण्यांवरच्या प्रयोगात या स्पंजने साधारण मिनिटभरात रक्त थांबवलं. त्याच पद्धतीने व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक थरांत अडकवून हळूहळू सोडायचे प्रयत्नही तिथे झाले. जगभर आज यावर खूप काम चाललं आहे : आत एक आणि बाहेर दुसरं औषध असलेले अतिसूक्ष्म तंतू, फुगणारी जेल, आतल्या थरात रक्त थांबवणारं आणि बाहेरच्या थरात जंतुनाशक. यातलं बरंचसं अजून प्रयोगशाळेतच आहे. आज तुमच्या हातात येईल ते कायटोसान. ते रक्त थांबवतं आणि जंतूंनाही थोडंफार आवरतं. ॲक्झिओस्टॅट हे त्यातलं भारतीय बनावटीचं नाव.

५. औषध पट्टीतून "सुटतं" म्हणजे काय? ते किती दिवस पुरतं?

या पट्ट्यांची खरी कारागिरी इथेच आहे आणि खोक्यावर नेमकं हेच लिहिलेलं नसतं.

सुटण्याच्या मुख्य तऱ्हा तीन. एक, औषध पट्टीतून झिरपत बाहेर येतं, जिथे जास्त आहे तिथून जिथे कमी आहे तिकडे. दोन, पट्टी जखमेतलं पाणी पिऊन फुगते आणि तिची भोकं रुंद झाली की औषधाला वाट मिळते. तीन, पट्टीचं द्रव्यच विरघळत जातं आणि त्यात अडकलेलं औषध मोकळं होतं. बहुतेक पट्ट्यांत तिन्ही गोष्टी कमीअधिक प्रमाणात चालतात.

बिघडतं ते वेगात. पुष्कळ पट्ट्या बोनस मिळाल्यासारखं पहिल्याच दिवशी बरंच औषध उधळतात आणि मग आठवडाभर हात आखडता घेतात. सुरुवातीचा मोठा डोस जंतूंना दणका द्यायला उपयोगी असतो, पण तो अति झाला तर नव्याने येणाऱ्या पेशीही मरतात आणि जखम भरायला उशीर होतो. नंतरची चिमूटभर मात्रा त्याहून वाईट. जंतू मरत नाहीत आणि त्या औषधाला तोंड द्यायला शिकतात. म्हणून "दहा दिवस चालेल" हे ऐकून पट्टी चांगली समजू नका. शेवटच्या दिवशी ती कामापुरतं औषध देते आहे का, हा खरा प्रश्न.

कॅडेक्सोमर आयोडीन या बाबतीत प्रामाणिक आहे. त्याचे स्टार्चचे कण जखमेतला स्राव शोषतात आणि त्या मानाने आयोडीन सोडतात. जखम ओली तर जास्त, कोरडी तर कमी. आयोडीन संपत आलं की तपकिरी रंग उडून फिकट, राखाडी-पिवळट होतो, म्हणजे बदलायची वेळ रोग्यालाही दिसते. पुढचं पाऊल म्हणजे जखमेची आम्लता ओळखून औषध सोडणाऱ्या पट्ट्या. निरोगी त्वचा थोडी आम्लधर्मी असते आणि रेंगाळलेली, चिघळलेली जखम अल्कलीकडे झुकते. त्या फरकावर औषधाचं दार उघडेल अशी जेल बनवायचे प्रयत्न चालू आहेत.

६. मांजाने बोट कापलं. धाग्याएवढीच रेघ दिसते पण रक्त थांबत नाही. काय लावू?

आधी काहीच लावू नका. बोट दाबा आणि हात छातीच्या वर धरा (प्रश्न ३). थांबलं की नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा, कारण मांजाला काचेची पूड असते आणि ती आत राहिली तर ठणकत राहते. मग एक साधी चाचणी करा : बोटाचं प्रत्येक पेर वाकवून आणि सरळ करून बघा, आणि टोकाला स्पर्श कळतो का तेही बघा. मांजाचा काप दिसायला बारीक पण आत खोल असतो आणि बोटात कातडीखाली लगेच स्नायूबंध आणि मज्जातंतू असतात. पेर वाकत नसेल किंवा बधिर वाटत असेल तर कुठलीही पट्टी उपयोगाची नाही, त्याच दिवशी सर्जन गाठा.

सगळं ठीक असेल तर क्लोरहेक्सिडिनची जाळी, वर कोरडं गॉज, वर हलकं गुंडाळणं. एवढं पुरे. धनुर्वाताचं इंजेक्शन : मूलभूत डोस झालेले असतील तर स्वच्छ किरकोळ जखमेला शेवटचा डोस दहा वर्षांच्या आत असला तरी चालतं. मातीने माखलेली किंवा खोल जखम असेल तर पाच वर्षांचा हिशोब धरतात. आठवत नसेल तर घेऊन टाका.

७. स्कूटरवर जाताना गळ्याला मांजा लागला तर?

पट्टी शोधू नका. हाताशी असेल ते कापड थेट जखमेवर दाबा, हात काढू नका आणि दुसऱ्या कोणाला तरी १०८ लावायला सांगा. गळ्याभोवती काहीही गोल गुंडाळून आवळायचं नाही. नायलॉनच्या, म्हणजे ज्याला आपण चायनीज म्हणतो त्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच देशभर बंदी घातली, तरी १४ आणि १५ जानेवारीला तो आकाशात दिसतोच. त्या दोन दिवसांत गळ्याला मफलर गुंडाळा. रक्त थांबवणाऱ्या पॅडपेक्षा ते स्वस्त पडतं.

८. रक्त थांबवणारी पावडर मिळते म्हणे. घरात ठेवू का?

माझं मत : नको. या पावडरींचा पहिला अवतार झिओलाइट या सच्छिद्र खनिजाचा होता. ते रक्तातलं पाणी इतक्या जोरात शोषायचं की उष्णता निर्माण व्हायची आणि जखमेभोवतीची त्वचा पोळायची. म्हणून तो प्रकार मागे पडला आणि केओलिनचं गॉज आलं. आताच्या पावडरी पोळवत नाहीत, पण वाहत्या रक्तावर टाकलेली पावडर वाहून जाते, डोळ्यात उडू शकते, आणि नंतर जखमेतून धुऊन काढताना ड्रेसिंग करणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येतो. घरासाठी पॅड किंवा गॉज बरं.

९. आजी हळद भरायची, काही जण कॉफी किंवा चुना लावतात. त्याने रक्त थांबतं ना?

थांबतं. कुठलीही बारीक भुकटी रक्त शोषते आणि वर बोटाने दाबलेलंही असतं, श्रेय मात्र भुकटीला जातं. हळदीतल्या कर्क्युमिनमध्ये जंतूंना आणि सुजेला आवरायचे गुण आहेत, हे खरं. म्हणूनच ते तंतूंमध्ये आणि जेलमध्ये घालून पट्ट्या बनवायचं संशोधन भरपूर चालतं. पण ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे डब्यातली हळद जखमेत तशीच पडून राहते. डब्यातली हळद निर्जंतुकही नसते, आणि रंगासाठी लेड क्रोमेटची (शिशाच्या पिवळ्या रंगाची) भेसळ झालेली असू शकते. चुना तर त्वचा जाळतो. टूथपेस्ट, शाई, राख यांना स्वतंत्र उत्तर देत नाही.

मधाचं वेगळं आहे. मध जंतूंना जगू देत नाही आणि जखमेसाठी खास निर्जंतुक केलेल्या मधाच्या पट्ट्या मिळतात. स्वयंपाकघरातली बाटली म्हणजे ते नव्हे.

१०. जखम उघडी ठेवली की वाळून लवकर बरी होते. मग झाकायची कशाला?

हा समज १९६२ मध्येच मोडला. जॉर्ज विंटर या शास्त्रज्ञाने डुकरांच्या पिल्लांवर दाखवून दिलं की झाकून ओलसर ठेवलेल्या उथळ जखमेवर नवी कातडी उघड्या जखमेच्या जवळजवळ दुप्पट वेगाने येते. खपली धरली की नव्या पेशींना तिच्या खालून वाट काढत जावं लागतं. आजच्या बहुतेक ड्रेसिंगचा पाया हाच आहे. ओलसर म्हणजे चिंब नव्हे. कडेची कातडी पांढरी, सुरकुतलेली दिसायला लागली तर पट्टी जास्त पाणी धरते आहे.

११. बिटाडिन रोज लावते, वर सिल्व्हरची पट्टी. दुप्पट फायदा होईल ना?

उलट, खर्च दुप्पट आणि फायदा अर्धा. बिटाडिन, म्हणजे पॉव्हिडोन आयोडीन, जंतू मारतं तसं नव्या पेशींनाही त्रास देतं. पहिल्या दिवशी मळलेल्या जखमेला ठीक, पण स्वच्छ, लालबुंद, भरत आलेल्या जखमेवर रोज ओतायचं कारण नाही. तिथे सलाइन किंवा पिण्याचं स्वच्छ पाणी पुरतं. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस बघून बरं वाटतं, जखमेला वाटत नाही. डेटॉल न मिसळता लावू नका, त्वचा भाजते.

सिल्व्हरच्या पट्टीखाली दुसरं मलम किंवा तेल लावलं तर चांदीचे आयन जखमेपर्यंत पोचत नाहीत. नॅनोक्रिस्टलाइन (चांदीचे अतिसूक्ष्म कण असलेल्या) प्रकारची पट्टी ओली करताना निर्जंतुक पाणी वापरायचं, सलाइन नाही. सलाइनमधलं क्लोराइड चांदीशी जोडी जमवतं आणि जंतूंसाठी उरत नाही. पाकिटातल्या चिठ्ठीवर हे लिहिलेलं असतं, पण ती चिठ्ठी कोणी उघडत नाही.

१२. सिल्व्हरची पट्टी साधीपेक्षा कित्येक पट महाग आहे. घ्यावी का?

खरचटलं, स्वच्छ कापलं, टाके घातले अशा जखमांना नको. संसर्ग झालेली किंवा होण्याची दाट शक्यता असलेली जखम, भाजलेली मोठी जागा, रेंगाळलेला व्रण, तिथे डॉक्टर सांगतील तर घ्या आणि दोनेक आठवड्यांनी "अजून हवी का?" हे विचारा. फायदा दिसत नसताना चांदी चालू ठेवण्यात अर्थ नाही. आजूबाजूची त्वचा करडी पडू शकते, त्याला घाबरू नका. एमआरआयच्या आधी मात्र पट्टी काढायची, तिथल्या तंत्रज्ञाला आपणहून सांगा.

सिल्व्हर सल्फाडायझिनचं पांढरं मलम हा वेगळा प्रकार. सल्फाची ॲलर्जी, शेवटच्या दिवसांतलं गरोदरपण आणि दोन महिन्यांखालचं बाळ असेल तर ते लावायचं नाही. भाजल्यावर पहिलं काम वीस मिनिटं वाहतं पाणी, मलम नाही. इथे क्रमात "दाबा" येतच नाही.

१३. बाबा रक्त पातळ करायची गोळी घेतात. दाढी करताना कापलं तरी अर्धा तास रक्त येतं. त्यांच्यासाठी कुठली पट्टी?

गोळी कुठली ते आधी सांगा. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल प्लेटलेट्सना सुस्त करतात. वॉरफेरिन, ॲसेनोकुमारॉल, अपिक्साबान या गोठण्याच्या साखळीवर काम करतात. साखळीच अडवलेली असेल तर तिच्यावर विसंबणारं केओलिन कमी पडू शकतं. कायटोसान तांबड्या पेशींना थेट धरतं, म्हणून अशा घरात कायटोसानचा लहान पॅड ठेवणं शहाणपणाचं (कसं चालतं ते प्रश्न २ मध्ये). दाबायची वेळही वाढवा, पंधरा-वीस मिनिटं धरा. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. एका कापासाठी पक्षाघाताचा धोका घेण्यासारखं ते आहे.

डोक्याला मार लागला असेल तर बाहेर रक्त नसलं तरी अशा माणसाला दवाखान्यात न्यायचंच.

१४. ट्रॅनेक्सामिक ॲसिडच्या गोळीची पूड करून जखमेवर लावतात, असा व्हिडिओ पाहिला. चालेल?

घरी नको. औषध चांगलं आहे. जपानमधल्या उताको ओकामोतो आणि त्यांच्या पतींनी ते १९६२ मध्ये पुढे आणलं. ते नवी गुठळी बनवत नाही, बनलेली गुठळी लवकर विरघळू देत नाही. २०१० च्या क्रॅश-२ या चाचणीत वीस हजारांवर जखमी माणसांवर ते शिरेतून वापरून पाहिलं आणि मृत्यू कमी झाले. लवकर, म्हणजे तीन तासांच्या आत दिलं तरच, उशिरा देण्यात धोका दिसला. दाढ काढल्यावर रक्त पातळ असणाऱ्यांना दंतवैद्य त्याच्याच द्रावणाच्या गुळण्या देतात किंवा त्यात भिजवलेलं गॉज चावून धरायला सांगतात. ते ठीक. पण कुटलेल्या गोळीत औषधाबरोबर इतर भुकट्याही असतात आणि ती निर्जंतुक नसते.

१५. पट्टी किती दिवसांनी बदलायची? आणि चिकटली तर?

औषधावर आणि जखमेच्या पाण्यावर अवलंबून. तेलकट जाळी साधारण एक-दोन दिवसांनी, सिल्व्हरच्या काही पट्ट्या तीन आणि काही सात दिवसांनी, कॅडेक्सोमर रंग उडाल्यावर. बाहेरून ओली झाली, वास आला, सुटली तर दिवस मोजत बसू नका. उगाच रोज उघडूही नका. चिकटली तर सलाइनने भिजवून पाच-दहा मिनिटं थांबा आणि कातडीला समांतर ओढत काढा.

१६. पट्टी काढली तर खाली पिवळट-हिरवट जेल आणि वास. पू झाला का?

कदाचित नाही. अल्जिनेट आणि हायड्रोकोलॉइड (स्राव शोषून जेल होणारी चिकट पट्टी) विरघळून असाच चिकट, वासाचा गोळा होतो. सलाइनने धुवा आणि मग बघा. खालची जखम लाल, ओलसर आणि दुखणं कमी असेल तर सगळं ठीक. दुखणं दिवसागणिक वाढतंय, लाली कडेच्या बाहेर पसरते आहे, जागा गरम आहे, ताप आहे, लाल रेघ वर चढते आहे, यातलं काही दिसलं तर पट्टी बदलून भागणार नाही, पोटात अँटिबायोटिक लागेल.

१७. आईला डायबेटीस आहे. तळपायाला जखम आहे, सगळ्या पट्ट्या करून झाल्या, भरत नाही.

पट्ट्यांची यादी बाजूला ठेवून तीन प्रश्न विचारा. त्या जागेवरचा चालतानाचा दाब काढला आहे का? पायाकडे रक्त नीट पोचतं आहे का? साखर आटोक्यात आहे का? या तिन्हींपैकी एक जरी "नाही" असेल तर जगातली कुठलीही औषधी पट्टी फक्त खर्च वाढवते. पाय बधिर असल्यामुळे आई त्याच जखमेवर घरभर चालत असते आणि तिला कळतही नाही. खास पादत्राण किंवा प्लास्टर घालून दाब काढला की महिनोन् महिने अडलेली जखम हलते. बोट काळं पडलं किंवा हाड दिसलं तर आजच जा.

१८. आम्ही शाकाहारी आहोत, घरात जैन सूनही आहे. या पट्ट्या कशाच्या बनतात?

आपल्याकडे हा प्रश्न मांजाइतकाच वेळा येतो. कायटोसान बहुधा कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून (बुरशीपासूनही बनतं, पण ते कमी मिळतं). जिलेटिनचा स्पंज बहुधा डुकराच्या कातडीपासून. कोलॅजन गायी-बैलांचं किंवा माशांचं. फ्रॅमायसेटिनच्या काही जाळ्यांत लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या लोकरीतली चरबी असते. अल्जिनेट शेवाळाचं, ऑक्सिडाइज्ड सेल्युलोज वनस्पतीचं, केओलिन मातीचं. ठरलेल्या ऑपरेशनच्या आधी सर्जनना सांगितलं तर पर्याय निघतो. भळभळून रक्त वाहत असताना मात्र हा प्रश्न विचारू नका.

१९. कोळंबीची ॲलर्जी असेल तर कायटोसान चालतं? आणखी कोणी काय टाळावं?

कोळंबीची ॲलर्जी असते ती तिच्या मांसातल्या प्रथिनांची, कवचातल्या कायटिनची नव्हे, आणि शुद्ध केलेल्या कायटोसानमधून ती प्रथिनं काढलेली असतात. तरी आधी जोराची रिॲक्शन आलेली असेल तर डॉक्टरांना सांगून दुसरी पट्टी घ्या. थायरॉइडचा आजार, गरोदरपण, अंगावर पाजणं : आयोडीन सोडणाऱ्या पट्ट्या टाळा. फ्रॅमायसेटिनने जखमेभोवती खाजरं पुरळ उठणं नवीन नाही. लोक त्याला "इन्फेक्शन वाढलं" समजून तीच जाळी आणखी लावतात.

२०. पुराच्या पाण्यात पाय कापला. पट्टी लावून घरी थांबू का?

थांबू नका. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी घराघरांत शिरली तेव्हा त्या पाण्यात गटार, डिझेल, उंदरांचं मूत्र सगळं होतं. मगरीही सोसायट्यांपर्यंत आल्या होत्या. असा काप भरपूर नळाच्या पाण्याने धुवा, सैल झाका आणि त्याच दिवशी दाखवा. तो लगेच शिवून बंद करणं बऱ्याचदा टाळतात. धनुर्वाताबरोबर लेप्टोस्पायरोसिसचंही (उंदरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या तापाचंही) विचारा. मगर चावली असेल तर दात खोल गेलेले असतात, थेट एसएसजी (सयाजी) हे सरकारी रुग्णालय गाठा.

२१. कुत्रा चावला. जंतुनाशक पट्टी घट्ट बांधली तर चालेल ना?

इथे क्रम सगळ्यांत जास्त मोडतो. आधी धुणं, पंधरा मिनिटं, साबण आणि वाहतं पाणी. मग पॉव्हिडोन आयोडीन. घट्ट पट्टी नाही, शक्यतो टाके नाहीत, हळद-मिरची तर नाहीच. रक्त भळाभळा येत असेल तेवढंच दाबायचं. रेबीजची लस त्याच दिवशी सुरू करा आणि कातडी फाटली असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं. कुठलीही पट्टी रेबीजच्या विषाणूला अडवत नाही.

२२. विकत घेताना खोक्यावर काय बघू? आणि ठेवायची कुठे?

निर्जंतुक असल्याची खूण, मुदत, लायसन्स नंबर आणि पाकीट कुठे फाटलेलं नाही ना. लेबलवर लाल उभी रेघ असेल तर ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची वस्तू नाही. उरलेली अर्धी पट्टी पुढच्या वेळेसाठी घडी करून ठेवू नका. बडोद्याच्या मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत प्रथमोपचाराचा डबा ठेवणाऱ्यांच्या तेलकट जाळीचं तूप झालेलं असतं. घरात, सावलीत, कोरड्या जागी ठेवा.

२३. ऑपरेशनमध्ये डॉक्टरांनी रक्त थांबवायला आत स्पंज ठेवला आणि काढलाच नाही. विसरले का?

बहुधा विसरले नाहीत. जिलेटिनचा स्पंज शरीर चार ते सहा आठवड्यांत शोषून घेतं आणि ऑक्सिडाइज्ड सेल्युलोजची जाळी साधारण एक-दोन आठवड्यांत. एक अडचण मात्र खरी आहे : त्या काळात सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन केला तर हवेचे बुडबुडे धरलेली ती जाळी गळवासारखी दिसू शकते. म्हणून डिस्चार्जच्या कागदावर काय आत ठेवलं ते लिहून घ्या आणि स्कॅनला जाताना तो कागद बरोबर न्या.